सतरा नंबरचा सांधा

इरा, निहार,

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आजी, बाबांना इकडे, ह्या देशात, पॉइंट्स मोजून घेतलं होतं, माहितेय?" माहीत आहे. असे गुण एकदा माझ्या टेबलावर अडकले होते. ते प्रकरण मी अजून विसरलेले नाही. तुम्हाला कधी सांगितलं नाही, म्हणून आता लिहून ठेवते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी बोईसरला फौजदार होते. बेटेगावचा एक वेल्डर कॅनडाला निघाला होता. तिथे राहायला घ्यायचं की नाही, हे गुणांवर ठरायचं: शिक्षण, वय, इंग्रजी, अनुभव, सगळ्याला गुण. अनुभवाचे धरले तर तो जेमतेम पास होत होता. त्याचा चारित्र्य पडताळणीचा अर्ज आमच्याकडे आला आणि त्याच आठवड्यात त्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्याचा मॅनेजर लेखी तक्रार घेऊन आला. त्याचं म्हणणं, फोरमनने दिलेला अनुभवाचा दाखला खोटा, हा माणूस आठ वर्षं हेल्परच आहे. सोबत हजेरीपट होता. दर महिन्याला 'हेल्पर', पुढे वेल्डरची सही आणि खाली मॅनेजरची.

गुन्हा दाखल झाला असता तर त्याचं जाणं तिथेच संपलं असतं. मी आधी त्याला चौकशीला बोलावलं.

"सही तुझी?"

"माजीच हाय, बाई."

"मग दाखला खोटा?"

"नाय. हजेरीत आमी सगलेच हेल्पर. हातात वेल्डिंग."

चौकशीला बसलेला माणूस कुठे बघतो, ते पाहावं. हा खिडकीच्या लोखंडी जाळीकडे बघत होता.

"काय बघतोस?"

"ही जाली कोणी मारली? वेल्डिंगचा टाका आत गेलाच नाय. वरवर चिकटवलाय."

"ओ, माझ्या मेव्हण्याने केलीय!" दारातले हवालदार भडकले.

"मंग तिला टेकू नका."

मी हसू दाबलं. ही नजर हेल्परची नव्हती.

"तू वेल्डिंग केलंस, हे कशावरून?"

"टाकीवर माजा नंबर हाय. सांदा झाला का बाजूला ठोकायचा. माजा सतरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच घेऊन मी कारखान्यात गेले. टाकीच्या सांध्यांशेजारी खरोखरच १७ ठोकलेला होता. कागद लावून पेन्सिल घासली, आकडा उमटला. मग तपासणीचं रजिस्टर मागवलं.

"ते कशाला, मॅडम? चहा घ्या," मॅनेजर म्हणाला.

"आधी रजिस्टर."

सतरा नंबरपुढे ह्याचंच नाव होतं, 'परीक्षा उत्तीर्ण वेल्डर'. खाली मॅनेजरची सही. मी हजेरीपट शेजारी उघडून ठेवला.

"साहेब, पगार देताना हा हेल्पर आणि टाकी विकताना वेल्डर. दोन्हीकडे सही तुमची. खोटं कुठलं, ते लिहून द्या."

त्याने हजेरीपट मिटला. "चांगला हात आहे हो त्याचा. हा गेला तर टाक्या कोण करणार?"

एवढं मात्र तो खरं बोलला. दाखला खरा असल्याचं त्याने लिहून दिलं. हजेरीपटाचं मी कामगार खात्याला कळवलं.

वेल्डर गेला. काही महिन्यांनी पत्र आलं: "बाई, हितं पयल्याच दिवशी परीक्षा घेतली. पास. जाली पडली का?"

जाळी पावसाळ्यात पडली होती. हवालदारांनी ते कळवू नका म्हणून सांगितलं, मी कळवलं.

कागद तपासायला मला खात्याने शिकवलं होतं, काम तपासायला ह्या माणसाने शिकवलं. नोकरीत पुष्कळ जणांना पकडलं, पण ह्या एकाला पकडलं नाही, ह्याचा अभिमान अधिक वाटतो.

पेन्सिलीने घासलेले कागद दोन होते. एक प्रकरणाला जोडला. दुसरा माझ्या कपाटात, निळ्या फाइलीत आहे. पेन्सिल पुसट झाली आहे, पण सतरा वाचता येतो.