काळ्या अंगठ्याचा पत्ता

विजयाने माणूस मोठा होतो, असं अध्यक्ष म्हणाले. नव्वदच्या दशकात शिवाजी पेठेतल्या तालमीत पैलवानांची चित्रं, उंची आणि वजन छापलेल्या पत्त्यांची स्पर्धा होती. उंची किंवा वजन पुकारायचं. मोठा आकडा जिंकायचा आणि हरलेला पत्ता कायमचा जायचा. अंतिम फेरीत माझ्यासमोर हुपरीचा एक चांदी कारागीर होता. चांदी घासून काळे झालेले हात तो सारखा विजारीला पुसायचा, तरी त्याच्या लाडक्या पत्त्याच्या पाठीवर काळा अंगठा उमटलेलाच होता. शेवटच्या डावात तो डाग मी ओळखला. तो पैलवान वजनाला अफाट, पण बुटका. मी उंची पुकारली आणि जिंकलो.

पत्ता देताना तो म्हणाला, "जपा पावणं, लई जीव हाय ह्याच्यावर. तेवढा डाग काय जाईना बघा."

तिथंच परत द्यायला हवा होता. मी विजेत्याचा फेटा बांधून घेत होतो.

फेटा भाड्याचा होता. अर्ध्या तासात काढून नेला.