नलूने केलेली प्रार्थना

नाचणगावच्या प्रमिलाबाईंनी आयुष्यात एकाच माणसापुढे मन मोकळं केलं, ते म्हणजे नलूपुढे. चर्चमध्ये दोघी एकाच सतरंजीवर बसायच्या, विधवाही मागेपुढेच झाल्या. मुलगा रुपेश पुण्याला नोकरीला गेला, असं प्रमिलाबाईंनी गावभर सांगितलं. तो दारू सोडायला नागपूरच्या केंद्रात आहे, हे सांगितलं फक्त नलूला, तेही शपथ घालून.

त्या बुधवारी घरच्या प्रार्थनासभेत प्रार्थना करायची पाळी नलूची होती. डोळे मिटून तिने हात पसरले.

"प्रभू बापा, आमच्या रुपेशले दारूपासून सोडव. नागपूरच्या केंद्रात त्याचं मन लागू दे. त्यानं मायच्या बांगड्या विकल्या, त्याले क्षमा कर..."

सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि कान टवकारलेले. प्रमिलाबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. शेवटी सगळे 'आमेन' म्हणाले, आणि मेल्या सवयीने त्यांच्याही तोंडून ते निघून गेलं.

बाहेर येताच त्यांनी नलूला गाठलं. "काऊन वो, असं केलं?"

"मी तं प्रार्थनाच केली, बाई. देवापासून काय लपवाचं?"

"देवाले मी सांगतलंच होतं. शेजाऱ्यायले नोतं सांगतलं!"

रुपेश सुधारून परतला. पानठेल्यावर पोरांनी त्याला 'बांगडीवाला' म्हणून हाक मारली आणि तो त्याच संध्याकाळी पुन्हा प्यायला. पुन्हा नागपूर, पुन्हा तेच उपचार. आता दारू सुटली होती, पण तो घराबाहेर पडत नव्हता. प्रमिलाबाईंनी नलूशी बोलणं टाकलं. मनात अढी ठेवून चर्चमधल्या प्रभुभोजनाची भाकरी घ्यायची नसते, म्हणून ती थाळी समोर आली की त्या न घेताच पुढे सरकवायच्या. मग त्याचीही चर्चा झाली.

अशात नलू नळावर घसरली आणि तिचा उजवा हात मोडला. घरात दुसरं कुणी नाही. ते कळल्यावर प्रमिलाबाईंनी घरातच तिच्या नावाने मनसोक्त शिव्या घातल्या आणि कणीक मळायला घेतली. त्या दोन्ही वेळा जायच्या, भरवायच्या, वेणी घालायच्या. बोलायच्या मात्र नाहीत. नलू रडून माफी मागायला लागली की म्हणायच्या, "खा चुपचाप."

एका दुपारी डबा भरताना रुपेश आडवा आला. "तिच्याकडे काऊन जाते तू? तिनंच मले बदनाम केलं ना?"

"तू दारात पडून राहत होता, तवा तुले उचलाले मी कारण शोधलं का?"

रुपेशचा चेहरा पडला. "म्हणजे मी अन् ते नलू, तुह्यासाठी सारखेच?"

नाही म्हणावं, असं प्रमिलाबाईंना फार वाटलं. पोराला तेवढाच आधार झाला असता. पण खोटं बोलवेना.

"हो," त्या म्हणाल्या. डोळे भरून आले होते. "अन् मले त्याचाच राग येऊन राह्यला."