किलेवाली काकू

कुठल्याही जुन्या इमारतीत शिरताना काकू पायातल्या चपला काढून हातात घेत. देऊळ असो, मकबरा असो, पडका दरवाजा असो. "बाई, ये मंदिर नहीं है," म्हणून चौकीदार हटकायचा. काकू शांतपणे सांगत, "मालूम है भिया. पण कुणाचं तरी घर होतं ना?"

मध्यभारताचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. काकूंचे यजमान सचिवालयात. सरकार सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला, त्यामुळे त्यांचं बिऱ्हाडही तसंच फिरायचं. इतर बायका त्या बांधाबांधीला कंटाळत. काकूंनी मात्र तेवढ्यात ग्वाल्हेरचा किल्ला कितीदा तरी पालथा घातला, आणि इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गल्लीने त्यांना किलेवाली काकू करून टाकलं.

मी तेव्हा शेजारच्या घरातली नवी सून होते. लग्न होऊन आल्यापासून देवळापलीकडे कुठे गेले नव्हते. एके दुपारी काकू सासूबाईंना म्हणाल्या, "हिला म्युझियम दाखवून आणते."

"फुटक्या मूर्ती बघायला? आपण तर भंगलेली मूर्ती घरात ठेवत नाही."

"म्हणूनच त्यांना तिथे जागा दिलीय. भेटायला नको का जायला कुणी?"

सुनेवर लक्ष ठेवायचं म्हणून सासूबाईही निघाल्या. हात तुटलेल्या एका पार्वतीपुढे काकूंनी त्यांना उभं केलं आणि फक्त कंबरपट्ट्याकडे बोट दाखवलं. सासूबाई वाकून वाकून त्यावरची घडण बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीतून स्वतःचा कंबरपट्टा काढून मला दाखवला.

मग काकूंनी मांडूच्या किल्ल्याचा बेत काढला. गल्लीतल्या बायकांसाठी मोटार ठरली. सासरे म्हणाले, "खंडर बघून बायकांना काय मिळणार?" सासूबाई दशम्या बांधू लागल्या.

घाटात मोटारीने मान टाकली. बोनेटमधून वाफ निघायला लागली. ड्रायव्हर म्हणाला, "बाईजी, भरी गाड़ी ऊपर नहीं चढ़ेगी. वापस चलो."

बायकांचे चेहरे उतरले. परत गेलो असतो तर पुन्हा कुणी आम्हाला घराबाहेर सोडलं नसतं, हे प्रत्येकीला कळत होतं. काकू खाली उतरल्या. "गाडी खाली करा. ती रिकामी येईल हळूहळू, आपण चालू." मग सासूबाईंच्या गुडघ्यांकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही गाडीतच बसा, वहिनी."

"का? मी काय सामान आहे?" म्हणत सासूबाईंनी कासोटा घट्ट केला.

दरवाज्यामागून दरवाजा ओलांडत आम्ही चढलो. थांबलो, पाणी प्यायलो, पुन्हा चढलो. वर येऊन मोटारीने आम्हाला गाठलं तेव्हा ड्रायव्हरने स्वतःहून हॉर्न वाजवून सलामी दिली.

रूपमतीच्या मंडपाच्या पायऱ्या सासूबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून चढल्या. वरून सगळं निमाड पसरलेलं दिसत होतं, आणि अगदी लांब एक चमकती रेघ.

"ते काय आहे?" त्यांनी विचारलं.

"नर्मदा," काकू म्हणाल्या. "तिकडेच तुमचं महेश्वर."

आईवडील गेल्यापासून सासूबाईंचं महेश्वरचं माहेर तुटलं होतं. त्या कठड्याला धरून खूप वेळ उभ्या राहिल्या. मग खाली बसल्या आणि घाटावर पोहायला कशा शिकल्या, भावाला शर्यतीत कसं हरवलं, हे सांगत सुटल्या. मी त्यांना एवढं बोलताना आणि हसताना प्रथमच पाहत होते. काकू दशमीचा तुकडा मोडत ऐकत होत्या. त्या दिवशी त्यांनी एकाही इमारतीची माहिती सांगितली नाही.

पुढच्या बेतांना सासूबाईच आधी तयार होऊन बसत. मग मध्यभारत संपलं, कचेऱ्या भोपाळला गेल्या आणि काकूही गेल्या. स्टेशनवर सासूबाई आणि मी रडत होतो. काकू खिडकीतून म्हणाल्या, "रडता काय? सांची तिथून जवळच आहे. घर लागलं की कळवते."

थंडीत सांचीला या म्हणून त्यांचा निरोप आला. "मग घरी स्वयंपाक कोण करणार?" सासऱ्यांनी विचारलं. "कुणी नाही. तुम्हीही चला," सासूबाई म्हणाल्या.

सांचीच्या टेकडीवर सासरे धापा टाकत मागे राहिले. सासूबाई पुढे गेल्या होत्या. वर स्तूपाच्या दगडी तोरणाखाली काकू उभ्या होत्या, पदर वाऱ्यावर उडत होता, आणि त्या दोन्ही हातांनी आम्हाला वर बोलावत होत्या.