चिंचेला घातलेला हार

जुन्नरच्या बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. पोट भरतं ते लग्नांच्या रंगीत अल्बमांवर, जीव रमतो तो झाडांच्या काळ्यापांढऱ्या फोटोंत. नातेवाईक म्हणतात, "कॅमेरा एवढा महागाचा, अन् फोटू आजोबांच्या काळातले!" म्हणोत बापडे. हिरवा रंग बाजूला सारला की झाडाची खरी चण दिसते, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

बोरी बुद्रुकला काकांच्या बांधावर एक जुनी चिंच आहे. फोटो काढायला मी तिच्याखालीच शिकले. मागच्या हिवाळ्यात काकांनी ती तोडायचं ठरवलं. "सावलीत कांदा पोसत न्हाई," एवढंच कारण. मी भांडले, रडले, पण काका ढिम्म. काकी माहेरी लोणीला गेलेली. ती चिंचेची वेडी, तिच्यादेखत कुऱ्हाड चाललीच नसती. म्हणून ती यायच्या आत काम उरकायला काकांनी वखारवाल्याला बोलावूनही ठेवलं.

तोडायच्या आदल्या दिवशी सकाळी मी बांधावर गेले. धुक्यानं मागचं सगळं पुसून टाकलं होतं आणि चिंच तेवढी उभी होती, काळीभोर, फांदी न् फांदी मोजून घ्यावी अशी. इतका चांगला फोटो मी आजवर काढला नव्हता. दुपारी स्टुडिओत मोठा प्रिंट काढला, फ्रेम केली आणि संध्याकाळी काकांच्या घरी नेली. ओसरीत आजोबा-पणजोबांच्या फोटोंशेजारी एक खिळा रिकामा होता, तिथं ती लावली. म्हटलं, निदान आठवण तरी राहील.

तेवढ्यात काकी दारात उभी! एक दिवस आधीच परतली होती. तिनं पिशवी खाली ठेवली, भिंतीकडे बघितलं आणि तडक परसात गेली. झेंडूची फुलं तोडून आणली, हार ओवला, फोटोला घातला आणि उदबत्ती लावून खाली बसली.

मी काही विचारणार, तोच शेतातून काका आले. "ह्ये काय गं?"

"काय म्हंजी? काळापांढरा फोटू, त्यो बी मामंजींच्या वळीला. कळलं मला." काकीला हुंदका आवरेना. "मी न्हवते तवा तोडलीत न्हवं? एकदा बघू तरी द्यायची व्हती."

"अगं, हाय की ती अजून उभी!"

"उभी हाय?" काकी ताडकन उठली. "अन् जितीला हार घातला मी? काढा, काढा त्यो आधी!"

काकांनी घाईघाईनं हार उतरवला. तो हातात धरूनच त्यांनी फोटोकडे नीट बघितलं. मग खिशातून मोबाईल काढला.

"भाऊ, उद्या येऊ नगा. न्हाई न्हाई, पुढं बी न्हाई. जितीचा हार ह्याच हातानं काढलाय, आता कुठं तोडू?" फोन ठेवून ते माझ्यावर खेकसले, "तुझा फोटू घिऊन जा तुझ्याकडं. लई अभद्र काम हाय ते!"

एवढं मोठं कौतुक माझ्या कामाचं कुणी केलं नव्हतं. फ्रेम काखेत मारून मी अक्षरशः नाचत एसटी गाठली.

आता ती स्टुडिओत, अगदी दर्शनी भिंतीवर आहे. गिऱ्हाईक हळहळून विचारतं, "कधी गेलं हो हे झाड?"

मी छाती पुढं काढून सांगते, "गेलं नाही! बोरीला जाऊन बघा, यंदा चिंचांनी लगडलंय."