रिंगणात घेतलेलं नाव

टेनेसीच्या डोंगरपट्ट्यात ऑर्व्हिल स्टॅम्परला ऑर्व्हिल म्हणून ओळखणारी माणसं फार थोडी. बाकी सगळ्या मुलखाला तो ठाऊक होता बॅरन म्हणून. डोकं तासलेला, एका डोळ्याला काच लावणारा, महायुद्ध हरल्याचा राग अजून पोटात घेऊन हिंडणारा जर्मन पैलवान. जर्मनी त्याने नकाशातही धड पाहिली नव्हती. त्याचा बाप कोळशाच्या खाणीत मेला होता, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला.

दर शनिवारी दुपारी बॅरन लॉनी गेदरला तुडवायचा, आणि शेवटी लॉनी त्याला लोळवायचा. लॉनी गावाचा लाडका. म्हाताऱ्या बायका चर्चमधून निघून थेट त्याच्या कुस्तीला यायच्या आणि जाता जाता बॅरनला टाचणी टोचायच्या. कुस्ती नुराच होती. कोण कुठे पडणार, कधी उठणार, सगळं आधी ठरलेलं. पण हे बायकोलाही सांगायचं नाही, असा त्या धंद्याचा दंडक. दोघे वैरी एका गाडीत दिसले तर दोघांचंही पोट गेलं. म्हणून नदीवर मासे धरायला निघाले की लॉनी मागच्या सीटवर गोधडीखाली आडवा व्हायचा.

"जर्मना, खड्डे बघून चालव की! आखाड्यात वाचलेली बरगडी इथं मोडशील."

"गप पड. पाद्रीबाबा येतायत समोरून."

मग गोधडी हसून हसून हलत राहायची.

त्या शनिवारी डाव रोजचाच होता. उचलायचं, फिरवायचं, पाठीवर टाकायचं. पण घामानं हात निसटला आणि लॉनी मानेवर आला. तो पडूनच राहिला. ऑर्व्हिलला वाटलं, आज गड्यानं सोंग काय झकास वठवलंय! त्याने लॉनीच्या छातीवर बूट ठेवला आणि दोन्ही हात वर करून लोकांना डिवचलं. लोक पेटले.

तेवढ्यात बुटाखालून आवाज आला, "ऑर्व्हिल."

रिंगणात खरं नाव कधी कुणी घेत नसे.

"ऑर्व्हिल, माझे पाय कुठं गेले रे?"

त्याने बूट काढला, वाकला, पण तोवर खुर्च्या उडू लागल्या होत्या. पोलिसांनी त्याला मागच्या दारानं ओढत नेलं.

दुसऱ्या दिवशी कळलं की लॉनी काही तासांचाच सोबती आहे. आखाड्याच्या मालकाने फोनवर बजावलं, "तिकडं फिरकू नकोस. तू रडलास की सगळ्यांचा धंदा बुडाला." ऑर्व्हिलने फोन ठेवला आणि तो इस्पितळाकडे निघाला. एकदाच भेटायचं होतं. हात निसटला, एवढं सांगायचं होतं.

लॉनीचा भाऊ क्लीटस खोलीच्या दारात उभा होता. लॉनीची बायको व्हर्ना बाकावर बसली होती.

"आलास? उरलेली मान मोडायला आलास होय रे, डुकरा?" क्लीटस म्हणाला.

ऑर्व्हिलने टोपी काढली. "बाई, उभ्या उभ्या भेटू द्या. पाया पडतो तुमच्या."

क्लीटसने मूठ उगारली. व्हर्नाने मान वर केली. "थांब, क्लीटस. हा आपल्यासारखाच बोलतोय." मग ऑर्व्हिलकडे बघत म्हणाली, "काल रिंगणात तर तुला आपली भाषा धड बोलता येत नव्हती."

ऑर्व्हिलने टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"लॉनी रात्रीपासून एकच नाव घेतोय. ऑर्व्हिल, ऑर्व्हिल. आमच्या ओळखीत कुणी नाही या नावाचं." व्हर्ना बाकावरच पुढे सरकली. "खरं सांग. रिंगणातलं ते सगळं खोटं होतं का? मी त्याची पाठ शेकत बसायची. पोरं देवाखालोखाल मानतात त्याला. मला फसवून झोपत होता का तो?"

'मीच ऑर्व्हिल' म्हटलं असतं तर दार उघडलं असतं. पण लॉनीने जन्मभर जपलेलं गुपित त्याच्या शेवटच्या घटकेला त्याच्या बायकोपुढे कसं उघडं करायचं? आणि तो आत हाका मारतोय, त्याचं काय? ऑर्व्हिलच्या हातातली टोपी पिळून पिळून दोरीसारखी झाली.

"नाही बाई," तो म्हणाला. "तुमच्या नवऱ्यानं मला खरोखरच लोळवलं. प्रत्येक वेळी."

"मग ऑर्व्हिल कोण?"

"माझ्या ओळखीचा आहे. त्याचा निरोप घेऊन आलोय. म्हणावं, हात निसटला. मुद्दाम नाही केलं."

"तो का नाही आला?"

"त्याला तोंड दाखवायला जागा नाही, बाई."

व्हर्नाने त्याच्या हातातल्या टोपीकडे एकदा बघितलं. मग निरोप सांगायला उठून आत गेली. दार लागलं.

"झालं तुझं? चल, नीघ," म्हणत क्लीटसने त्याला कॉलर धरून जिन्याकडे ढकललं. ऑर्व्हिलच्या अंगात दोन बैलांचं बळ होतं, पण तो ढकलला गेला. जिना निम्मा उतरला असेल नसेल, वरून व्हर्नाची किंकाळी आली. क्लीटस त्याला सोडून वर धावला.

निरोप आधी सांगून झाला होता की लॉनी आधीच गेला होता, ते ऑर्व्हिलला कळलं नाही. वर जाऊन विचारायचं, तर तो कुणाचा कोण म्हणून विचारणार? कठड्याला धरून तो तिथेच पायरीवर बसला. येणारी-जाणारी माणसं त्याला ओळखून अंग चोरत होती. एक बाई त्याच्यावर थुंकली, आणि पुढे गेली.