जहर उतरेपर्यंत

निजामाच्या अमदानीत मंठ्याच्या सरकारी दवाखान्यात एक नर्स होती. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. माझी पहिली मुलगी वीस दिवसांची असताना माझ्या थानात गळू झालं. अंग तापानं फणफणलं, मी बरळायला लागले. तेव्हा बैलगाडीत घालून मला तिच्याकडे नेलं.

उकळलेल्या चाकूनं तिनं गळू फोडलं. ठणका थांबला, तसं मी लगेच लेकरू मागितलं.

"न्हाई," ती म्हणाली. "पू निघाला, पर त्या जंतूंनी रक्तात सोडलेलं जहर बाकी हाय. हा ताप त्याचाच हाय. ते दुधातून लेकराला जाईल. आधी उतरू द्या."

आठ दिवस मुलगी बाहेर व्हरांड्यात सासूबाईंजवळ, शेळीच्या दुधावर होती. तिचं रडणं ऐकलं की माझ्या दुसऱ्या थानातून आपोआप दूध वाहायचं. नर्स फडकं बदलायची आणि माझ्या केसांवरून हात फिरवायची. एकदा मी चिडून म्हणाले, "तुम्हाला लेकरू असतं तर कळलं असतं."

"होतं," ती म्हणाली. "मला बी असंच गळू झाल्तं. कुणी थांबवलं न्हाई. मी पाजत राह्यले."

नवव्या दिवशी ताप उतरला. तिनं स्वतः मुलीला माझ्या कुशीत ठेवलं आणि ती दूध ओढायला लागेपर्यंत तिथंच उभी राहिली.

मुलगी चालायला लागल्यावर मी तिला दाखवायला घेऊन गेले. नर्सची बदली झाली होती. कुठं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता माझ्या मुलीलाही नातवंडं आहेत. तरी अजून वाटतं, त्या बाईनं हिला एकदा चालताना बघायला हवं होतं.