‘गेट’वाले मास्तर

इंग्रजी भाषेत क्रियापदं हजारो असतील, पण त्यातल्या एकाच क्रियापदावर सगळा संसार ओढणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे आणि तो कोल्हापुरात आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात. आमचे हे शेजारी बत्तीस वर्षं कंडक्टर होते, तेव्हा नुसते म्हणण्यापुरते मास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती पदवी मनावर घेतली. रद्दीवाल्याकडून आणलेल्या एका जाडजूड शब्दकोशात त्यांना असं दिसलं, की बाकीच्या शब्दांना चार-दोन ओळी आहेत आणि ‘गेट’ला मात्र पानंच्या पानं. त्या संध्याकाळी धापा टाकत ते जिना चढून माझ्याकडे आले. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो, या गोष्टीचा त्यांना तोवर आदर होता. “सर,” ते म्हणाले, “तुम्ही लोकांनी उगंच घोळ घातलाय. इंग्रजीत गाडी एकच हाय. गेट! म्होरली पाटी तेवढी बदलायची. अपची लावली की अपला जातीया, औटची लावली की औटला. तीच गाडी सकाळी राधानगरी करतीया, तीच दुपारी पन्हाळा. हाय काय अन् न्हाय काय!” इतक्या वर्षांत हे मला इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. पण ते कबूल करण्याइतका मोठेपणा माझ्यात नाही, म्हणून मी नुसता चहा ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या दारावर खरोखरच पाटी लागायला लागली. साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यावर त्यांनी ठसठशीत अक्षरांत अप, डाऊन, इन, औट, ऑन, ऑफ, ओव्हर, थ्रू असं सगळं लिहून काढलं होतं. रोज सकाळी अंघोळ झाली की एक पाटी सुतळीनं कडीला अडकवायची आणि दिवसभर तीच चालवायची. गल्लीतले लोक दूध आणायला जाता-येता विचारायचे, “मास्तर, आज कुठली लागलीया?” “थ्रू!” मग त्या दिवशी फोन लागला तरी थ्रू आणि सुईत दोरा गेला तरी थ्रू. ‘बाय’वर मात्र त्यांचं विशेष प्रेम होतं. “गेट बाय म्हंजे कसंबसं भागवणं,” ते मला समजावून सांगत. “आणि घर भागतंय कुणामुळं? बायमुळं! साहेबालासुदीक कळलंतं बघा.” हे ऐकून आत भाकरी थापणाऱ्या काकूंचा हात जरा जोरात पडायचा.

मी एकदाच त्यांची चूक काढायला गेलो. म्हटलं, मास्तर, बसमधून उतरायला इंग्रज ‘गेट ऑफ’ म्हणतात, ‘गेट डाऊन’ हे आपल्याकडचं आहे. मास्तरांचा चेहरा असा झाला, की जणू मी त्यांची पेन्शनच बंद केली. “बत्तीस वर्षं मी माणसं गेट डाऊन करतोय,” ते म्हणाले. “एक तरी वर राहिलाय का?” उलट त्यांचंच निदान असं, की माझं इंग्रजी कच्चं आहे, कारण मी क्रियापदं फार वापरतो आणि त्यामुळे ताकद विखुरते.

ताकदीचा पुरावाही त्यांच्याकडे होता. एकदा एका गोऱ्या जोडप्यानं चौकात त्यांना पन्हाळ्याला कसं जायचं ते विचारलं. मास्तरांनी बसकडे बोट दाखवलं, “गेट इन.” हात डोंगराएवढा वर नेला, “गेट अप.” बोट हवेत गोल फिरवलं, “गेट अराउंड.” मग हात खाली आणला, “गेट डाऊन,” आणि शेवटी आपल्या पायाशी बोट रोखून म्हणाले, “गेट बॅक.” संध्याकाळी ते जोडपं पन्हाळा बघून परत त्याच चौकात आलं आणि मास्तरांबरोबर फोटो काढून गेलं. पाचही वाक्यं हुकमाची होती, पण त्या बिचाऱ्यांना कुणी रागावतंय असं वाटलं नाही. घरच्या माणसाचं तसं नसतं.

एके दिवशी दारावर ‘औट’ची पाटी होती. मी मास्तरांकडे जेवायला बसलो होतो. काकू बाजारातून येऊन, पाटीकडे एक कटाक्ष टाकून, आम्हाला वाढत होत्या. मास्तरांना लोणचं हवं होतं. त्यांनी फळीकडे हात केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “गेट औट...” आणि थांबले. थांबले, कारण बरणीला इंग्रजीत काय म्हणतात ते त्यांना आठवेना. डोळे मिटून, कपाळावर बोट आपटत ते शब्द शोधू लागले. मी सांगणार होतो, पण तोंडात घास होता. तेवढ्या वेळात काकूंनी पातेल्यावर झाकण ठेवलं, पिशवीत दोन लुगडी भरली आणि चपला घातल्या. मास्तर “द जार!” असं ओरडून डोळे उघडतात तोवर काकूंची रिक्षा स्टँडच्या वाटेला लागली होती.

काकूंचं माहेर चंदगडला. चार दिवस त्यांनी फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी मास्तरांनी मला न विचारता काकूंच्या मोबाइलवर दोन शब्दांचा निरोप पाठवला, ‘गेट बॅक’. त्यांना म्हणायचं होतं, परत ये. पण तो निरोप वाचला काकूंच्या थोरल्या भावानं, आणि तो फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला. त्याचा उलटा फोन आला, “दाजी, फौजेत गेट बॅक म्हंजे मागं हट. आमची भन मागं हटलीया. आता तुम्हीबी हटा.” त्यानंतर दाराला पाटीच लागली नाही. मास्तर दोन्ही वेळ दूध-पोहे खात आणि कुणाशी कुठल्याच भाषेत बोलत नसत. दहाव्या दिवशी ते वर आले. “सर, ती येती का न्हाय ह्येची मला आता खात्री वाटंना,” ते म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. “तुम्ही तिथं हजर हुता. साक्षीला चला.”

असा मी इंग्रजीचा जाणकार म्हणून चार तास एसटीत बसून चंदगडला गेलो. बाहेर पाऊस कोसळत होता आणि घराच्या पुढच्या सोप्यावर सुभेदार मिशीला पीळ देत बसले होते. आम्हाला पाणी मिळालं, चहा मिळाला नाही. “पावणं, तुम्ही इंग्रजीचं प्रोफेसर,” सुभेदार मला म्हणाले. “खरं सांगा, गेट औट म्हंजे काय?” मी घसा साफ करून म्हटलं, की त्याचे दोन अर्थ आहेत, एक ‘चालता हो’ आणि दुसरा ‘बाहेर काढ’. “बाहेर काढ!” सुभेदार मांडीवर थाप मारून म्हणाले. “म्हंजे तेच की! कुणाला बाहेर काढ? हिलाच न्हवं?” मी म्हटलं, हिला नाही, बरणीला. “मग वाक्यात बरणी कुठाय?” “यायची होती,” मी म्हणालो. “त्यांना आठवत नव्हती.” “आणि दारावर औटची पाटी लावलीती, ती बरणीनं वाचायला?” एवढी वर्षं मी व्याकरण शिकवतोय, पण कर्म वेळेवर न आल्यानं संसार मोडायची पाळी येते हे मी प्रथमच बघत होतो. मास्तर मान खाली घालून बसले होते.

तेवढ्यात आतून काकू आल्या. “अण्णा, पुरं करा आता,” त्या भावाला म्हणाल्या. “बरणीच मागत हुतं, मला कळलंतं. फळीकडं हात केलावता त्येनी.” सुभेदारांची मिशी हातातच राहिली. “मग आलीस कशाला?”

काकू मास्तरांकडे न बघता म्हणाल्या, “लगीन झाल्यापासनं माहेरला आले की मला न्यायला कोण आलंय? सगळ्या भनींचं नवरं येत्यात, जेवत्यात, बायकूला घिऊन जात्यात. माझ्या नवऱ्याची ड्युटी! हितनं तुम्ही गाडीत बसवायचं आणि त्या गाडीच्या मास्तरला सांगायचं, वैनीला नीट उतरवा. पार्सल गेल्यागत जात हुते मी. आता ड्युटी न्हाई. म्हटलं, बघावं तरी, येतंय का माणूस.”

मला वाटलं, मास्तर आता काहीतरी समजावून सांगतील, ड्युटीचे चार्ट सांगतील, सणासुदीच्या जादा गाड्या सांगतील. त्यांच्या तोंडून आधी नुसताच ‘ग’ निघाला. मग ते उठून उभे राहिले आणि टोपी सारखी करत म्हणाले, “न्यायला आलोय. चल.” काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, “आदी जेवा. जावयानं न जेवता जायाचं नसतंय.” सुभेदारांनी स्वतः उठून पाट मांडले. मला त्या क्षणी मास्तरांचा फार हेवा वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता मास्तरांचं इंग्रजी बरंच कमी झालंय. काकू मात्र दर दोन-तीन महिन्यांनी काहीतरी निमित्त काढून चंदगडला जातात, कधी भाच्याचं बारसं, कधी नुसतेच नवे काजू. चार दिवस झाले की मास्तर धुतलेली टोपी घालून निघतात. त्यांचे गुडघे आता फार दुखतात आणि एसटीची पायरी चढताना त्यांना दोन्ही हातांनी दांडी धरावी लागते. परवा भर पावसात निघालेले दिसले, तेव्हा मी वरून म्हटलं, “मास्तर, फोन करा की. काकू येतील एकट्या.” “येईल की,” ते म्हणाले, “पर मला बघितल्यावर ती भावजयीला हाक मारून सांगती, आमचं मालक आलं. ते ऐकायला जातोय.” त्यांच्याबरोबर जावं असं मला मनापासून वाटलं. पण तिथं आता साक्षीदाराचं काही काम नव्हतं, आणि मास्तर छत्री उघडून स्टँडच्या दिशेनं निघालेही होते.